मिरचीच्या बियांसाठी मागितलेली जाहीर माफी

ग्रुपवर त्याला सगळे 'सर' म्हणतात. तिथं तसं म्हणावंच लागतं. इथं माझ्या डोक्यावर कुणी अ‍ॅडमिन बसलेला नाही, त्यामुळे मी त्याला 'तो' म्हणणार आहे.

ग्रुप मिरच्यांचा आहे. मिरच्या विकणाऱ्यांचा नव्हे, हौस म्हणून लावणाऱ्यांचा. गच्चीत, गॅलरीत, तेलाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या लावायच्या, फोटो टाकायचे, पाकिटात बी घालून एकमेकांना पाठवायचं. सदस्य पुण्या-नाशकापासून कोल्हापूर-अमरावतीपर्यंतचे. नंदुरबार शहरातून मी एकटी. खरं तर आमच्या गावाला हसू यावं असाच हा छंद आहे. इथं हंगामात बाजाराच्या रस्त्यानं नुसतं गेलं तरी डोळे चुरचुरतात, गावाबाहेर पथाऱ्यांवर वाळत घातलेल्या मिरचीनं मैदानंच्या मैदानं लाल होतात, आणि मी बँकेतून दमून येते ती थेट गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घालते. नवरा म्हणायचा, "गावभर मिरचीच मिरची शे, आनि तू कुंडीमा लाई ऱ्हायनी!" मी त्याला उत्तर देत नसे. शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला हौस म्हणजे काय ते समजावत बसण्याइतका वेळ माझ्याकडे नाही.

ग्रुपच्या माहितीत नियमांची भलीमोठी पोथी आहे. झाडावर बोला, माणसावर बोलू नका. मत मांडलं तर कारण द्या. दुसऱ्याचं वाचून घ्या, मग बोला. सकाळची फुलं आणि सुविचार नकोत. वाचायला सगळं साजूक तुपातलं. त्यातला एक नियम त्यानं स्वतः घातला होता आणि तो त्याचा भारी लाडका: मतभेद असेल तर तो सगळ्यांसमोर मांडावा, मागून कुजबुज करू नये. माणूस कुठल्याशा मोठ्या खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोक त्याच्या टेबलापुढं उभे राहिले असणार. आता टेबल गेलं, म्हणून ग्रुप काढला. हे माझं मत आहे आणि त्याला कारण द्यायला मी बांधील नाही.

याच ग्रुपवर माझी सिस्टरशी ओळख झाली. ती चिंचपाड्याला दवाखान्यात नर्स आहे. तिकडं सगळे तिला सिस्टर म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. घर नवापूरच्या पलीकडं, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरातल्या एका पाड्यावर. वयानं माझ्याहून लहान, बोलायला कमी, हसायला पुढं. तिच्या आईकडं एक मिरची होती. आखूड, जाड सालीची, आभाळाकडं तोंड करून लागणारी, पिकताना आधी जांभळी आणि मग लाल होणारी. त्यांच्या घरात ती पिढ्यान् पिढ्या लावत आले होते. आई गेली. भावानं त्या वाफ्याच्या जागी कापूस लावला. घरात तुंब्यात, म्हणजे वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यात, ठेवलेलं बी होतं, ते उंदरांनी फस्त केलं. सिस्टरनं नशिबानं त्याआधीच थोडं बी काढून ग्रुपवर मागेल त्याला पाकिटातून पाठवलं होतं. मलाही दिलं होतं. म्हणजे आता तिच्या आईची मिरची जगात जी काही उरली होती, ती आमच्या ग्रुपमधल्या लोकांच्या कुंड्यांत. सिस्टरनं ग्रुपवर हे लिहिलंही होतं, अगदी साध्या शब्दांत: आमच्याकडचं बी संपलं आहे, तुमच्याकडं पिकली की थोडं परत द्या. खाली सगळ्यांनी हात जोडले, हृदयं टाकली.

माझी झाडं चुरडा-मुरड्यानं गेली. पानं आखडली, झाडं बसली, फूलसुद्धा धरलं नाही. पण इतरांकडं दिवाळीच्या सुमाराला फळं लागली आणि फोटो यायला लागले. कुणाची मिरची बोटभर, कुणाची करंगळीच्या पेराएवढी, एखादीची तर जांभळी न होता सरळ लाल. त्यानं ते सगळे फोटो शेजारी शेजारी चिकटवले आणि खाली लांबलचक निकाल दिला. ही जुनी गावरान जात नाही. बाजारातल्या संकरित मिरचीची भेसळ झालेली आहे. अस्सल जात असती तर सगळी फळं एकसारखी आली असती. सदस्यांनी भावनेच्या भरात केलेल्या दाव्यांवर विश्वास ठेवू नये. आपल्या इतर मिरच्यांत मिसळ होऊ नये म्हणून ही झाडं ताबडतोब उपटून टाकावीत.

भावनेच्या भरात! त्या बिचारीनं कसलाही दावा केला नव्हता. आईची मिरची आहे, एवढंच म्हणाली होती.

आणि मुद्दा असा की तो साफ चुकत होता. सिस्टरनं मला फोनवर कधीच सांगितलं होतं की तिची आई बी कसं धरायची. वाफ्यात फिरून लांब, आखूड, जाड, बारीक, सगळ्या झाडांची एकेक-दोन-दोन फळं घ्यायची आणि सगळं बी एकाच तुंब्यात घालून हलवायचं. एकाच चांगल्या झाडाचं धरलं आणि पुढच्या साली तेच रुसलं, तर काय खाणार? त्यांच्या पाड्यावर सगळेच असं करतात. त्या मिरचीत वेगवेगळी फळं येणारच. ती तशीच असते. एकसारखी मिरची हवी असेल तर माणसानं दुकानातून पाकीट आणावं.

आता मी काय केलं ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून घडलं.

माझे वडील मिरचीचे दलाल होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर बाजारात जायची. तिथली एक रीत होती, कुठं लिहिलेली नव्हती, पण जो पाळत नसे त्याला लोक हलका समजत. ढिगाऱ्यापुढं उभं राहून माल वाईट आहे असं म्हणायचं नाही. शेतकरी तिथंच बसलेला असतो, मागे चार खरेदीदार उभे असतात. एकानं तोंड वाकडं केलं की बाकीचे न बघताच पुढं सरकतात आणि त्या माणसाचा ढीग संध्याकाळपर्यंत पडून राहतो. वडील मिरची मोडून बघत, बी हातावर घेत, आणि काही खटकलं तर शेतकऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला चहाच्या गाडीवर नेत. "दादा, तुन्हा माल वल्ला शे. आज ईकू नको, दोन दिन वाळू दे." हे तिथं, बशीतला चहा फुंकताना. दादाचा मान राहायचा आणि मालही सुधारायचा. चूक सांगायची ती बाजूला घेऊन, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे.

म्हणून मी त्याला बाजूला घेतलं. ग्रुपवर एक अक्षर न लिहिता त्याला एकट्याला मेसेज केला. नमस्कार सर, राग मानू नका, तुमचा अनुभव मोठा आहे, अशी सुरुवात केली. सिस्टरची आई बी कसं धरायची ते सांगितलं. लोकांनी झाडं उपटली तर ही मिरची कायमची जाईल, हे सांगितलं. शेवटी लिहिलं की तुम्हीच तो मेसेज मागे घेतलात तर बरं दिसेल, नाहीतर मला ग्रुपवर बोलावं लागेल आणि ते मला नको आहे. इतक्या मऊ भाषेत मी माझ्या सासूशीही कधी बोलले नव्हते.

जेवणं आटोपून भांडी घासत होते तर फोन टिंगटिंग वाजायला लागला. त्यानं माझ्या मेसेजचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला होता. पूर्ण नाही. नमस्कार कापला होता, राग मानू नका कापलं होतं, आई, तुंबा, बी, सगळं कापलं होतं. राहिलं होतं फक्त एवढंच: "तुम्हीच तो मेसेज मागे घेतलात तर बरं दिसेल, नाहीतर मला ग्रुपवर बोलावं लागेल." खाली त्याचं वाक्य: "अशा धमक्यांना मी भीक घालत नाही. सदस्यांनीच ठरवावं."

सदस्यांनी ठरवलं. ज्या लोकांनी वर्षभरात अंगठ्यापलीकडं काही टाकलं नव्हतं, ते सगळे बिळातून बाहेर आले. ताई, हे तुम्हाला शोभत नाही. सरांना खासगीत गाठायचं कारण काय? जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोलायची हिंमत पाहिजे. कोल्हापूरच्या एका गृहस्थानं नंदुरबारकरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणून हसरे चेहरे टाकले आणि ते लोकांना इतके आवडले की त्यानं तेच परत टाकलं. एका बाईनं तर लिहिलं की बायकांनी असे मेसेज करू नयेत, उगाच गैरसमज होतात. तिला मी काय उत्तर लिहिलं होतं ते इथं देत नाही. पाठवण्याआधी नवऱ्यानं फोन हातातून काढून घेतला. "कोनासंगे भांडी ऱ्हायनी? आते पुरे कर!"

मी माझा पूर्ण मेसेज ग्रुपवर टाकला. वाचा म्हटलं, डोळे असतील तर वाचा. झाडावर बोला म्हणणाऱ्यांनी एकानंही झाडावर एक शब्द काढला नाही. मिरची गावरान की संकरित, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. प्रश्न होता मी कशी वागले याचा. मग त्यानं लिहिलं की वातावरण बिघडत असल्यामुळे काही दिवस फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील. चोराच्या उलट्या बोंबा, आणि वर सगळ्या गावाच्या तोंडात बोळा.

ग्रुप परत सुरू झाला तेव्हा आधी फोटोच आले. उपटलेल्या झाडांचे. मुळाला माती तशीच, फांद्यांवर जांभळ्या-लाल मिरच्या तशाच, आणि खाली 'सरांच्या सूचनेनुसार'. एकानं तर रिकाम्या कुंडीत लगेच शेवंती लावून दाखवली. मी एकेकाला फोन केले. ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना. एखादी मिरची राहिली आहे का, वाळलेली, पडलेली, कशीही? लोक गोड बोलले. तुमचं बरोबर असेलही ताई, पण झालं ते झालं, ग्रुपची शिस्त असते. कुणी उचललाच नाही. एकीनं सांगितलं की सासूनं ठेच्यात घातल्या.

सिस्टर ग्रुपवर गप्प होती. तिचाही मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. तुझ्या आईची मिरची उपटतायत आणि तू हात जोडून बसलीस? तिला मी रोज संध्याकाळी फोन करायची. ती ड्यूटीवरून आलेली असायची, मागे कुकरची शिट्टी ऐकू यायची. मी बोलायची, ती ऐकायची. "जाऊ द्या ताई," एवढंच म्हणायची. जाऊ द्या म्हणे!

संक्रांतीला त्यानं ग्रुपवर तिळगुळाचा फोटो टाकला. गच्चीत बायको हातात वाटी घेऊन उभी, पाठीमागे कठडा. मी तो फोटो मोठा करून पाहिला. मी त्याचा प्रत्येक फोटो मोठा करून पाहायची, त्यात मला काही गैर वाटत नाही. कठड्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या जाळीच्या कापडाखाली झाकलेल्या कुंड्या होत्या. जाळी एका बाजूनं सरकलेली, आणि आत आभाळाकडं तोंड केलेल्या आखूड, जाड मिरच्या. काही जांभळ्या, काही लाल.

दुनियेला उपटायला लावून यानं स्वतः ठेवली होती. नुसती ठेवली नव्हती, मधमाशी बसून बियांत दुसऱ्या मिरचीची मिसळ होऊ नये म्हणून जाळी घालून ठेवली होती.

मी सिस्टरला लगेच फोन करून सांगितलं. "त्याच्याकडं आहे! मी डोळ्यांनी पाहिलं!" ती म्हणाली, "हो का ताई? बरं झालं." इतकंच. मला मात्र तो फोटो ग्रुपवर टाकून त्याचं थोबाड सगळ्यांसमोर रंगवावं असं फार वाटत होतं, बोट बटणावर होतं. पण रागाच्या भरात त्यानं झाडं उपटली तर संपलंच. म्हणून राग गिळला आणि पुन्हा त्याला एकट्याला लिहिलं. तुमच्याकडं ती मिरची आहे असं दिसतं. जिचं बी आहे तिला परत द्यायचं आहे, कृपया थोडं पाठवा. उत्तर बरेच दिवस आलं नाही. मी परत लिहिलं. मग आलं, कार्यालयीन भाषेत: "आधी ग्रुपवर घडलेल्या प्रकाराबद्दल खुलासा आणि दिलगिरी व्यक्त करावी. नियम सर्वांना सारखे आहेत."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. हे मी लहानपणापासून ऐकत आले, पाय धरायची वेळ तेव्हा आली. माफी लिहायला मला तीन रविवार लागले असते तरी चाललं असतं, पण तोवर त्याचं मन फिरलं असतं तर बी गेलंच असतं. बँकेतून घरी आले, पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत, आणि लिहिलं. सरांना खासगीत मेसेज करून मी ग्रुपचा नियम मोडला, त्याबद्दल दिलगीर आहे. त्याला तेवढ्यानं समाधान झालं नाही. मिरचीबद्दलही लिहा म्हणाला. तेही लिहिलं: मिरचीबाबत सरांनी व्यक्त केलेली शंका रास्त होती. हे शेवटचं वाक्य परत न वाचताच पाठवून दिलं. खाली अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. मोठं मन लागतं ताई. कोल्हापूरच्या त्या गृहस्थानं गुलाबाचं फूल टाकलं. त्यानं तो मेसेज ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवला आणि आठवड्यानं कुरिअरनं चिमूटभर बी आलं.

होळी तोंडावर आली होती. त्या रविवारी मी पाकीट पर्समध्ये घालून सुरतेकडं जाणारी गाडी पकडली आणि चिंचपाड्याला उतरले. येते म्हणून फोन केला नव्हता. तिचा चेहरा बघायचा होता मला.

सिस्टरच्या खोलीपुढं ओटा आहे. ओट्यावर एक जुनं फुटकं घमेलं, त्यात माती, आणि मातीत ओळीनं हिरवी रोपं. चार-चार पानांवर आलेली. मिरचीचं रोप मी झोपेतही ओळखेन.

"ही कुठली?" मी चप्पल काढतानाच विचारलं.

"आईचीच की ताई." ती आनंदानं म्हणाली. "सरांनी पाठवलं बी. मी फोन केला होता त्यांना. तुम्ही सांगितलं ना त्यांच्याकडं आहे, मग दुसऱ्याच दिवशी केला. म्हटलं, सर, माझ्या आईची मिरची तुमच्याकडं राहिली आहे, थोडं बी द्याल का? ते म्हणाले, पत्ता पाठवा."

"दुसऱ्याच दिवशी?"

"हो. लगेच पाठवलं त्यांनी. चांगलं बोलले."

मी ओट्यावर बसले. हातातलं पाकीट मी तिला दिलं की तिनं माझ्या हातातून घेतलं, ते आठवत नाही. म्हणजे मी त्याला बी परत द्या म्हणून लिहिलं, पुन्हा लिहिलं, त्यानं माझ्याकडून माफी लिहवून घेतली, तिच्यावर आणखी एक वाक्य लिहवून घेतलं, तेव्हा बी इथं पोचलेलं होतं. जिचं होतं तिच्या घमेल्यात कोंब फुटलेले होते. आणि त्याला ते माहीत होतं.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" माझा आवाज चढला. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. "मी तुझ्यासाठी सगळ्या दुनियेसमोर नाक घासलं, आणि तू एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते ताई," ती म्हणाली. चेहरा उतरला होता, पण तिनं नजर चुकवली नाही. "दोनदा सांगायला लागले होते. पण तुम्ही फोन केला की त्यांच्याचबद्दल बोलायच्या. ते काय म्हणाले, कोल्हापूरवाले काय म्हणाले. मिरचीचं तुम्ही विचारायचं सोडलं होतं. मला वाटलं, आता तुम्हाला भांडणच पुरं करायचं आहे. मी मधे कशाला बोलू?"

"खोटं आहे. मी रोज विचारत होते."

तिनं माझं पाकीट फोडून बी तळहातावर घेतलं, फुंकर मारली, आणि घमेल्याच्या एका कडेला बोटानं रेघ ओढून तिथं पेरायला लागली.

परतीच्या गाडीत मी फोन काढून त्या सगळ्या दिवसांचं बोलणं आठवून पाहिलं. कुठल्या दिवशी काय बोलले, कुठल्या दिवशी त्याला कोणती शिवी दिली, सगळं धडाधड आठवत होतं. रोप आलं का, बी मिळेल का, तुला कसं वाटतंय, असं मी तिला कधी विचारलं, तो एक फोन काही सापडेना. ते तिचं तिनं बोलायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन.

ग्रुप मी सोडलेला नाही. माझी माफी अजून माथ्यावर पिन केलेली आहे. त्या माणसाबद्दलचा माझा राग गेला नाही, उलट वाढला आहे, कारण सिस्टरच्या आईची मिरची आज जी जिवंत आहे ती केवळ त्याच्या जाळीमुळे, आणि हे मला माहीत आहे. त्याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. ते मी मानणार नाही.